लिटरची आर्द्रता की लिटरचा ओलावा?

प्रश्न असा आहे: कुक्कुटपालनाच्या एका माहितीपत्रकात ‘लिटरची आर्द्रता 25 टक्के असावी’ असं छापलंय. (लिटर म्हणजे शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेला तुसाचा वगैरे थर.) इथे ‘आर्द्रता’ बरोबर की ‘ओलावा’?

ओलावा. कोशात दोन्ही शब्द एकमेकांच्या अर्थाला दिलेले सापडतील, पण वापरात आर्द्रता हवेची आणि ओलावा मातीचा, धान्याचा, तुसाचा अशी वाटणी झाली आहे. शेडमध्ये दोन्ही मोजतात, म्हणून तिथे ती पाळायलाच हवी. भिंतीवरच्या आर्द्रतामापकात 60 दिसत असताना निप्पलखाली (कोंबड्या पाणी पितात त्या तोटीखाली) चिखल असू शकतो. शिवाय टक्क्यांची जातही वेगळी. हवेचे टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पापैकी किती आहे ते. तुसाचे टक्के वजनाचे.

ते काढायचे कसे? निप्पलखालून, खाद्याजवळून, भिंतीकडून, मधून असे आठ-दहा नमुने घ्यायचे, तेही थराच्या तळापर्यंत. वरवरचं कोरडं तूस खरवडलं की आकडा फसवा येतो. सगळं एकत्र करून त्यातलं 100 ग्रॅम 105 अंश सेल्सिअसला, वजन उतरायचं थांबेपर्यंत (साधारण 24 तास) वाळवायचं. 75 ग्रॅम उरलं तर ओलावा 25 टक्के. पण हेच 25 ग्रॅम पाणी कोरड्या 75 ग्रॅमवर मोजलं की 33 टक्के होतं! म्हणून आकड्यापुढे ‘ओल्या वजनावर’ हे लिहाच. (वाळवताना थोडा अमोनियाही उडतो आणि पाण्याच्या खात्यात जमा होतो, तो भाग वेगळा.)

रोजचं काम मुठीवर भागतं. मूठभर लिटर दाबून सोडलं की गोळा जेमतेम धरून लगेच भुगा झाला तर ठीक, साधारण 20 ते 25 टक्के. गोळा तसाच राहिला तर ओलं. गोळा धरतच नसेल तर फार कोरडं, धूळ उडणार. तीसच्या वर गेलं की ढेपा धरतात, अमोनिया वाढतो, पक्ष्यांच्या तळपायांना जखमा होतात.

आणि नुसतं ‘ओलं’ म्हणण्यापेक्षा मराठीत नेमकी क्रियापदं आहेत. गळक्या निप्पलखाली तूस ‘भिजतं’, कोंदट हवेत ‘सादळतं’. पहिल्यावर उपाय निप्पलची उंची आणि दाब तपासणं, दुसऱ्यावर हवा खेळती करणं. भिजलेल्या ढेपा मात्र उचलून बाहेरच टाकाव्यात. खाली-वर केल्या तर ओल सगळीकडे पसरते.

राहिला ‘लिटर’. मापाचा लिटर ग्रीक ‘लित्रा’वरून आलेला, हा लॅटिन ‘लेक्टुस’वरून, म्हणजे अंथरुणावरून. त्यामुळे अशा थरावर कोंबड्या पाळण्याला ‘गादी पद्धत’ हा रूढ शब्द मुळाशी छान जुळतो. जिथे पाण्याचं मापही येतं तिथे ‘गादी’च लिहावं, ‘लिटरवर दोन लिटर पाणी सांडलं’ हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.