वेश पालटून बातमी आणणाऱ्या त्या स्त्रिया खरोखर पत्रकार होत्या का?

आपण विचारले आहे की, 19व्या शतकाच्या शेवटी वेश पालटून कारखान्यांत आणि वेड्यांच्या इस्पितळात शिरणाऱ्या अमेरिकन स्त्री बातमीदारांना पत्रकार म्हणावे, की खप वाढवण्यासाठी मालकांनी वापरून घेतलेल्या धाडसी मुली म्हणावे. आणि त्यांच्या लिखाणाने प्रत्यक्षात काही बदलले का. मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षे उपसंपादक म्हणून काम केले आहे आणि बातमीदारांनी आणलेला मजकूर पारखणे हाच माझा व्यवसाय होता. त्या अनुभवावरून सांगते की त्या पत्रकारच होत्या. ‘स्टंट गर्ल’ म्हणजे सनसनाटी करामती करणारी मुलगी, हा शिक्का त्यांच्यावर बसला आणि त्यांचे काम करमणुकीच्या खात्यात जमा झाले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खपाचा मुद्दा खोटा नाही. जोसेफ पुलित्झर यांनी 1883 मध्ये न्यू यॉर्कचे ‘वर्ल्ड’ विकत घेतले, तेव्हापासून तिथल्या दैनिकांत चढाओढ लागली होती आणि रविवारच्या अंकाला सनसनाटी मजकूर हवा होता. पण मालकाला बातमी कशासाठी हवी होती आणि बातमीदाराने ती कशी मिळवली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ही पद्धतही स्त्रियांनी शोधून काढलेली नव्हती. 1866 मध्ये जेम्स ग्रीनवुड या पत्रकाराने फाटके कपडे घालून लंडनच्या लँबेथ भागातील निराधारांच्या आश्रयगृहात एक रात्र काढली होती आणि त्यावरची त्याची लेखमाला गाजली होती. स्त्रियांनी ही पद्धत जिथे पुरुषाला प्रवेशच नव्हता तिथे नेली. शिवणकामाच्या कारखान्यात मुलींच्या रांगेत बसून काम करणे किंवा स्त्रियांच्या कोठडीत झोपणे कोणत्याही पुरुष बातमीदाराला शक्य नव्हते.

यातले सर्वांत परिचित नाव नेली ब्लाय हिचे. तिचे खरे नाव एलिझाबेथ कॉक्रन, जन्म 1864 चा, पेनसिल्व्हेनियातला. 1885 मध्ये ‘पिट्सबर्ग डिस्पॅच’मधील एका सदरलेखकाने बाईची जागा घरात आहे असे लिहिले, तेव्हा तिने ‘एकाकी अनाथ मुलगी’ अशी सही करून संतापाचे पत्र पाठवले आणि संपादकांनी ते वाचून तिला शोधून काढले. (त्याच वर्षी त्याच राज्यात, फिलाडेल्फियाला, तिच्याहून वर्षभराने लहान असलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या. या दोन मुलींची कधी भेट झाली नाही, तरी मला त्या नेहमी एकत्र आठवतात.) नेलीने सुरुवातीला कारखान्यांत राबणाऱ्या मुलींवर लिहिले, मग तिला फॅशन आणि बागकामाच्या मजकुरावर बसवण्यात आले. मीही नोकरीची पहिली 3 वर्षे पुरवणीतल्या पाककृती तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे ती तिथून का निघून गेली हे मला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

सप्टेंबर 1887 मध्ये ‘वर्ल्ड’ने तिला न्यू यॉर्कच्या ईस्ट नदीतील ब्लॅकवेल्स बेटावरील स्त्रियांच्या मनोरुग्णालयात शिरण्याचे काम दिले. आरशासमोर डोळे विस्फारून एकटक पाहण्याचा तिने सराव केला, ‘नेली ब्राऊन’ या नावाने न्यू यॉर्कमधल्या एका स्त्रियांच्या वसतिगृहात जागा घेतली आणि रात्रभर न झोपता बसून राहून तिथल्या बायकांना इतके घाबरवले की सकाळी पोलीस आले. न्यायाधीशांपुढे उभे केल्यावर त्यांना तिची दया आली, ही कुणाची तरी लाडकी मुलगी असणार असे ते म्हणाले, आणि तरीही तिची रवानगी बेलव्ह्यू इस्पितळात झाली. तिथल्या डॉक्टरांनी तिला वेडी ठरवले. इतर वृत्तपत्रांनी या अनोळखी वेड्या मुलीच्या बातम्या छापल्या. आपल्याच धंद्यातली बाई आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची वाटते. बेटावर पोहोचताच तिने वेडाचे सोंग टाकून दिले आणि नेहमीसारखे बोलायला-वागायला सुरुवात केली; पण ती जितकी शहाण्यासारखी बोले, तितकी ती जास्त वेडी समजली जाई. म्हणजे प्रवेशापुरते नाटक आणि आत गेल्यावर सरळ निरीक्षण, ही मर्यादा तिने स्वतःच घालून घेतली होती. ती केवळ नाटकी असती तर दहा दिवस सोंग वठवत बसली असती. तिने काय टिपले ते पाहावे. बर्फासारख्या थंड पाण्यात तिला घासून काढले, डोक्यावर लागोपाठ तीन बादल्या ओतल्या आणि ओल्या अंगावरच एक आखूड झगा चढवला, ज्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत इस्पितळाचे नाव, बेटाची आद्याक्षरे आणि 6 हा दालनाचा क्रमांक छापलेला होता. रात्रीच्या जेवणाला चहा, खवट लोणी लावलेला पाव आणि सुक्या आलुबुखाऱ्याचे पाच नग. एकदा पावात कोळी सापडला. जास्त आजारी स्त्रियांना कमरेच्या पट्ट्यांनी एका लांब दोराला बांधून फिरायला नेत. तिने त्या मोजल्या, 52 होत्या. सकाळी 6 पासून रात्री 8 पर्यंत सरळ पाठीच्या बाकावर बसायचे, बोलायचे नाही, हलायचे नाही. चांगल्या धडधाकट बाईलाही असे ठेवले तर दोन महिन्यांत ती खचून जाईल, असे तिने लिहिले. आकडा, वेळ, कपड्यावरची अक्षरे असा मजकूर हाती आला असता तर मी बातमीदाराला उलटतपासणीसाठी फारसे थांबवले नसते.

त्या लिखाणातली एक बाई माझ्या मनातून जात नाही. ती जर्मन होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. तिची तपासणी झाली, पण दुभाषा बोलावला गेला नाही, आणि आपले म्हणणे कुणाला समजावून सांगण्याची एकही संधी न मिळता ती वेड्यांच्या इस्पितळात कायमची दाखल झाली. नेलीजवळ निदान ‘वर्ल्ड’चा वकील येऊन आपल्याला सोडवणार ही खात्री होती.

या यशानंतर इतर दैनिकांनीही मुली नेमल्या. मिनेसोटातील सेंट पॉलमध्ये एव्हा मॅकडोनाल्ड ही छापखान्यात खिळे जुळवणारी तरुणी 1888 मध्ये ‘एव्हा गे’ या नावाने कपड्यांच्या कारखान्यांतील मुलींवर लिहू लागली. त्याच उन्हाळ्यात ‘शिकागो टाइम्स’साठी ‘नेल नेल्सन’ म्हणजे हेलन क्युझॅक, जी आधी शाळेत शिक्षिका होती, एकामागून एक कारखान्यांत कामाला लागली आणि तुटपुंजी मजुरी, उशिराचा दंड आणि कोंदट खोल्या यांचे दिवसागणिक वर्णन छापून आणू लागली. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ॲनी लॉरी’ या नावाने लिहिणारी विनिफ्रेड ब्लॅक रस्त्यात बेशुद्ध पडल्याचे नाटक करून सरकारी दवाखान्यात गेली आणि गरीब बाईला तिथे कसे वागवतात ते तिने मांडले. लंडनमध्ये एलिझाबेथ बँक्स या अमेरिकन मुलीने 1893 मध्ये मोलकरणीची टोपी आणि ॲप्रन चढवून घरकामाच्या नोकऱ्या केल्या.

या कामाला काळी बाजूही आहे आणि ती लपवणे मला योग्य वाटत नाही. 1888 च्या डिसेंबरमध्ये ‘शिकागो टाइम्स’ने एका मुलीला गर्भवती असल्याची बतावणी करून शहरातील डॉक्टरांकडे पाठवले आणि गर्भपाताला कोण तयार होतो हे नावांनिशी छापले. अडलेल्या बायकांच्या हालअपेष्टा समजून घेण्यापेक्षा तिथे डॉक्टरांना चव्हाट्यावर आणण्याचा उत्साह मोठा होता. ती बातमीदार कोण होती हे आजतागायत कळलेले नाही. ‘गर्ल रिपोर्टर’ एवढीच तिची ओळख उरली. शिवाय वेश पालटून कुठेही शिरण्याची सोय मुख्यतः गोऱ्या मुलींनाच होती. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय संपादिकेने 1892 मध्ये झुंडबळींचा शोध उघडपणे, स्वतःच्या नावाने घेतला आणि मेम्फिसमधील तिच्या वृत्तपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली.

आता बदलाविषयी. शिकागोत ‘नेल नेल्सन’च्या लेखमालेनंतर स्त्रियांच्या संघटना एकत्र आल्या, कारखान्यांच्या तपासणीची मागणी त्यांनी लावून धरली, आणि 1893 मध्ये इलिनॉय राज्यात तपासणीचा कायदा होऊन फ्लॉरेन्स केली मुख्य निरीक्षक झाली. त्यातली स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा 1895 मध्ये न्यायालयाने रद्द केली, पण निरीक्षकांची व्यवस्था उभी राहिली. हे एका लेखमालेचे श्रेय नाही, मात्र ठिणगी तिथे पडली होती असे मी मानते.

ब्लॅकवेल्स बेटाची कथा ऑक्टोबर 1887 मध्ये दोन रविवारी छापून आली आणि चौकशी करणाऱ्या नागरिक पंचांच्या मंडळाने (ग्रँड ज्युरीने) नेलीला साक्षीला बोलावले. तिने शपथेवर सारे सांगितले आणि मग पंचांबरोबर पुन्हा बेटावर गेली. ही भेट अचानक व्हायची होती, पण खबर आधीच पोहोचली होती. दालने स्वच्छ, स्वयंपाकघर लख्ख, आणि जिथे तिला बेचव, अळणी अन्न मिळाले होते तिथे उघड्या दारापाशी मिठाची दोन पिंपे सर्वांना दिसतील अशी मांडलेली. तिने सांगितलेल्या कितीतरी बायका सोडून दिलेल्या किंवा दुसरीकडे हलवलेल्या होत्या. आता आपले म्हणणे टिकणार नाही अशी तिला भीती वाटली. पण मागे राहिलेल्यांपैकी एकीला पंचांपुढे आणले, तेव्हा तिने जे सांगितले ते छापून आलेल्या मजकुराशी जुळले. पंचांनी नेलीवर विश्वास ठेवला आणि तिने सुचवलेल्या सुधारणा आपल्या अहवालात मागितल्या; मनोरुग्णांसाठी पूर्वीपेक्षा 10 लाख डॉलर जास्त मंजूर झाल्याचे तिने याच लेखांच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवले आहे.