योक स्प्रिंग तुटतेय? वायरला दोष देण्याआधी प्लेटिंगचं रजिस्टर मागा

तुमची अडचण मला समजली ती अशी: रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंगमधल्या झिंक प्लेटिंग केलेल्या योक स्प्रिंगा तुटतायत, आणि काही तर गाडीवर चढायच्या आधीच, चाकणच्या स्टोअरमध्ये पडून असलेल्या स्टिअरिंग रॅकमध्ये. हार्डनेस ड्रॉइंगप्रमाणे आहे. स्प्रिंगवाला वायरकडे बोट दाखवतोय, सर्व्हिसवाले पुण्याच्या खड्ड्यांकडे.

खड्डे आधी निकालात काढू. स्टोअरमधल्या रॅकने एकही खड्डा पाहिलेला नाही. ही स्प्रिंग योकला, म्हणजे रॅकमागच्या टेकूला, रॅकच्या पाठीवर दाबून धरते, म्हणजे रॅक (दातेरी दांडा) पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) सोडत नाही. तिच्यावरचा भार जवळपास स्थिर असतो. फटीगला, म्हणजे भार पुन्हा पुन्हा कमी-जास्त होऊन तुटण्याला, सायकल लागतात, त्या इथे झालेल्याच नाहीत. नुसत्या दाबाखाली, कुणी हात न लावता, काही तासांनी किंवा दिवसांनी स्प्रिंग तुटत असेल तर माझा पहिला संशय हायड्रोजनवर.

पिकलिंगच्या (प्लेटिंगआधी गंज काढायच्या) ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या बाथमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो. मग जिथे ताण जास्त तिथे हळूहळू गोळा होतो आणि पोलाद ठिसूळ करतो. कॉईल स्प्रिंगमध्ये ती जागा कॉईलच्या आतल्या अंगाला असते, त्यामुळे तडा बहुधा तिथूनच निघतो. मऊ पोलादाला याचा फारसा त्रास नाही. पोलाद जितकं कडक तितका धोका जास्त. म्हणजे हार्डनेस ओके आला म्हणून हा संशय फिटत नाही.

उपाय सगळ्यांना पाठ आहे: प्लेटिंग झाल्यावर ४ तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला ओव्हनमध्ये तापवणं), निदान ८ तास, कडक मालाला त्याहून जास्त. गाडी अडते ती पाळण्यात. संध्याकाळी प्लेटिंगच्या बॅरलमधून निघालेला माल क्रेटमध्ये रात्र काढतो, मध्ये साप्ताहिक सुट्टी आली तर आणखी एक दिवस, आणि मग ओव्हन पेटतो. सर्टिफिकेटवर 'बेकिंग केले' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं! म्हणून सर्टिफिकेट बाजूला ठेवा. बाथमधून लॉट कधी निघाला आणि ओव्हनमध्ये कधी गेला, या दोन वेळा मागा. ओव्हनचा तापमानाचा चार्टही बघा. आणखी एक खोच आहे. पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक रासायनिक थर) आधी करून नंतर बेकिंग केलं तर तो थर खराब होतो. तो वाचवायला कुणी तापमान गुपचूप खाली आणतं. क्रम बेकिंग आधी, पॅसिव्हेशन नंतर, असाच हवा.

तुटलेले तुकडे जपा. दोन तोंडं एकमेकांवर जुळवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, खुणा घासल्या जातात. प्रत्येक तुकडा वेगळ्या कोरड्या पिशवीत घालून एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालच्या तपासणीसाठी) पाठवा. भोसरी-चिंचवडकडे खासगी लॅब आहेत. तडा सुरू झाला तिथला भाग खडीसाखरेच्या खड्यांसारखा दाणेदार दिसला तर हायड्रोजनची बाजू भक्कम होते. त्याऐवजी वायरच्या लांबीत गेलेली सीम (वायर बनतानाच राहिलेली चीर) किंवा कॉइलिंगच्या टूलचा ओरखडा मुळाशी निघाला, तर स्प्रिंगवाल्याशी वेगळं बोलावं लागेल.

रिपोर्ट येईपर्यंत एक स्वस्त चाचणी करून घ्या. त्याच लॉटच्या स्प्रिंगा बोल्टवर ओवा, दोन्ही टोकांना जाड वॉशर लावा, कॉईलला कॉईल टेकायच्या बेतात येईपर्यंत नट आवळा आणि ४८ तास तशाच ठेवा. त्यात एक जरी तुटली तरी तो लॉट बाद. एकही तुटली नाही म्हणून मात्र लॉट पास करू नका.

पुढच्या मालासाठी ड्रॉइंगवर झिंक फ्लेक कोटिंग (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) सुचवा. त्यात विजेचा बाथच नाही. पण सफाई ॲसिडने न करता ब्लास्टिंगने (बारीक कणांच्या जोरदार माऱ्याने) करायची, हे ड्रॉइंगवर लिहूनच टाका, नाहीतर हायड्रोजन मागच्या दाराने परत येतो.

उरलेला लॉट पुन्हा बेक करून वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंत. नाही. बेकिंगने हायड्रोजन निघेल, पडलेला बारीक तडा भरून येणार नाही. स्टिअरिंगचा पार्ट आहे, आणि त्या लॉटचे जे रॅक गाड्यांवर गेलेत त्यांची यादी ग्राहक कंपनीला आजच द्या. राहिलेल्या स्प्रिंगा भंगारात घालताना कापूनच घाला. अख्ख्या दिल्या तर कुणीतरी पुसून, तेल लावून परत विकेल.