चोवीस टाक्यांचा नमुना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा दारात माणसं होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. डिसेंबरात आठ दिवस कोकणात फिरणार आहेस, विणकाम बरोबर नेणार आहेस, आणि रत्नागिरीत चांगली लोकर कुठे मिळेल असं विचारत होतीस. लोकरीचं मोठं दुकान शोधत बसलीस तर सुट्टीतले दोन दिवस त्यातच जातील. किनाऱ्यावर थंडी ती किती पडते, आणि स्वेटर घालतो कोण! पण दोरा, पीळ, गाठ ही कामं इथले हात पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. तिथे शोध.

सामान थोडं ने. आठ नंबरच्या सुयांचा एक जोड, एक क्रोशाची सुई, छोटी कात्री, टेप आणि जाड पानांची एक वही. सुया बांबूच्या असतील तर उत्तम, खाऱ्या हवेत त्यांना गंजाचं भय नाही. वाटेत सुई मोडली किंवा हरवली तर बाजारपेठेत कटलरीचं दुकान विचार. बांगड्या, बटणं, इलॅस्टिक, लेस जिथे मिळतं, तिथेच मागच्या फळीवर सुया आणि अँकरचे दोरे असतात. मात्र तू मोबाइलवरून नमुने उतरवतेस त्यात सुईचं माप मिलिमीटरमध्ये असतं आणि दुकानदार नंबर विचारतो. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, चौदा म्हणजे २. नंबर चढत जातो तशी सुई बारीक होते. हे उलटं गणित डोक्यात पक्कं ठेव, नाहीतर दहा नंबर जाड समजून घेशील आणि बाळाचं टोपडं बाहुलीच्या डोक्याला बसेल.

आता माझा एकच आग्रह. हाताशी येईल त्या दोऱ्याचा तिथल्या तिथे चोवीस टाक्यांचा नमुना विणायचा. चोवीस टाके, तीस सुया म्हणजे तीस ओळी, दोन्ही कडांना दोन-दोन टाके सगळीकडे सुलट, मधे साधी वीण. मग तो मुक्कामी साबणाच्या पाण्यात बुडवायचा, टॉवेलमध्ये दाबून वाळवायचा आणि सकाळी मापून वहीत टाचायचा. शेजारी गाव, तारीख, भाव, सुईचा नंबर, दोरा किती पदरी आणि धुतल्यावर किती आटला किंवा सुटला, हे लिहायचं. हे झाल्याशिवाय पाव किलोसुद्धा विकत घ्यायचं नाही. तुझ्या वयाची असताना मी एका शहरात किरमिजी सुताच्या लडी डोळ्यांत भरल्या म्हणून किलोभर घेऊन आले. धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणासाठी दीड महिना खपून शाल केली. पहिल्याच धुण्यात तिच्या पांढऱ्या साडीवर सगळा रंग उतरला. साडी आईची होती. तेव्हापासून माझी वही आहे, आणि आता तिचा चौथा भाग चालू आहे.

गाडीतला वेळ वाया घालवू नकोस. उक्षी स्टेशन गेलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. खिडकीबाहेर काळोख, बघण्यासारखं काही नाही. तेवढा वेळ डोळे मिटून विण. सुलट टाका बोटाला गुळगुळीत लागतो, उलट्याचा बारीक मणी लागतो. बोगद्याबाहेर आल्यावर किती टाके सुटले ते मोज. दोऱ्याची पारख डोळ्यांआधी बोटांना यायला हवी, आणि ती अशीच येते.

खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णैला जाशीलच. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायला सगळे जातात, तूही जा, पण लिलाव संपला की लगेच परतू नकोस. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत जाळी दुरुस्त करणारे बसलेले असतात. जाळ्याचा काठ पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, डाव्या हाताची बोटं माप धरून, उजव्या हातात दोरा भरलेली चपटी सुई. जाळ्याच्या एका घराला ते आस म्हणतात, आणि आस केवढा यावरून जाळं कुठल्या मासळीचं ते ठरतं. परवानगी विचार, थोडं लांब बस आणि बघत राहा. मी अशी बसले होते तेव्हा एका काकांनी माझा नमुना मागून घेतला. तो नुसता सुईवरून उतरवलेला होता, शेवटची ओळ बंद केलेली नव्हती. त्यांनी धाग्याचं टोक धरून ओढलं आणि अख्खी ओळ सरसर उसवली. मी काही बोलायच्या आत त्यांनी आपल्या जाळ्यातला एक आस कात्रीनं कापला आणि शेजारचे आस बोटानं ताणून दाखवले. एकही हलला नाही.

आपल्या कामाचं मर्म मला त्या दिवशी कळलं. आपण गाठ मारत नाही, फासातून फास काढतो. म्हणून विणलेलं ताणतं, अंगाला धरून बसतं, आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते. जाळ्यात आसाच्या प्रत्येक कोपऱ्याला गाठ असते. ते ताणलं तरी मोठं होत नाही, पण एक आस गेला तरी जाळं जात नाही. हे समजलं की जाळीची वीण कुठे वापरायची आणि कुठे नाही ते आपोआप उमगतं. बाजाराच्या पिशवीचा तळ जाळीचा करू नये, बाजू करावी. तळाला साबुदाणा वीण घे, सुलट-उलट टाक्यांची दाणेदार.

दोराही तिथेच मिळतो. हर्णैला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला, मालवणला मासेमारीच्या सामानाची दुकानं असतात आणि नायलॉनचा दोरा तिथे वजनावर मिळतो. पांढरा घे, बारीक घे, आणि आधी एखादा हातभर तुकडा माग, बहुतेक जण देतात. हा दोरा सुईवरून घसरतो, म्हणून बांबूचीच सुई हवी, आणि शेवटची टोकं गाठ मारून मेणबत्तीवर जरा भाजून घ्यायची म्हणजे सुटत नाहीत. त्याची पिशवी मासळीवालीसुद्धा हातात घेऊन बघते.

नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची आणि तागाची असत. खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. सालीतलं टॅनिन धाग्यात मुरतं. सूत रंगवायचं असेल तर आपल्यालाही हेच करावं लागतं: आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग रंग. नारळाचं सोडण रात्रभर भिजवून उकळलंस तर गुलाबीकडे झुकणारा तपकिरी रंग येतो आणि तो टिकतो. कोकमाच्या रंगाला मात्र भुलू नकोस. रातांब्याच्या सालीत बुडवलेलं सूत पहिल्या दिवशी इतकं सुंदर दिसतं की हात आवरत नाही, पण उन्हात तो रंग ठरत नाही आणि साबण लागला की पालटतो.

काथ्याचंही सांगते. सिंधुदुर्गात काथ्या वळताना बघायला मिळाला तर नक्की बघ, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण नुसतं म्हणतो, पीळ भरताना बघितलेला नसतो. विणायला तो फार राठ. ओला करून जाड क्रोशानं मी एक पायपुसणं केलं, चार दिवस बोटं हुळहुळत होती. एक नमुना पुरे.

आणि लोकर. लोकर कोकणात चालत येते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दिवाळी झाली, भातं कापून झाली, की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. रायगडात, खेडच्या बाजूला शेतकरी त्यांना शेतात मेंढरं बसवायला बोलावतात. लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, धनगरांना त्याचा मोबदला मिळतो, आणि पावसाच्या आधी ते परत वर जातात. तू डिसेंबरात येते आहेस, म्हणजे त्यांचा वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, वाटेत दिसण्याची आशा आहे. मेंढरं दख्खनी, लोकर आखूड, जाड, बहुतेक काळी. घोंगडी होते ती हिचीच. कळपामागे कॅमेरा घेऊन धावू नकोस. वाड्यावरच्या बाईमाणसाशी आधी बोल, चहापत्ती-साखर घेऊन गेलीस तर अधिक बरं, आणि कातरलेली लोकर शिल्लक आहे का ते शेवटी विचार. मला खेडजवळ एका मावशींनी पिशवीभर दिली होती आणि पैसे घ्यायला तयार नव्हत्या. मी आग्रहानं दिले, तूही दे. वर्षभर मेंढरं हाकणाऱ्या माणसाकडून लोकर फुकट आणू नये.

ती लोकर हातात घेतलीस की तळव्याला चिकट मेण लागेल, गवताच्या काड्या निघतील, वास येईल. घरी येईपर्यंत कागदात गुंडाळून ठेव, प्लास्टिकमध्ये कोंडू नकोस. मग रिठ्याच्या गरम पाण्यात नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, ढवळायची नाही, नळाच्या धारेखाली धरायची नाही. लोकरीच्या तंतूवर मासळीसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि पिंजायला काही उरत नाही, नमदा होतो, म्हणजे घट्ट गोळा झालेला जाड थर. दोन-तीन पाण्यांत मेण सुटतं. टकळीवर कातशील तेव्हा पहिला धागा गाठीगाठींचा येईल. येऊ दे. अंगावर घालायला ही लोकर टोचते, पण आसन, पिशवी, पाटावरची बैठक यांना तिच्यासारखी दुसरी नाही. राहिलेली कडुलिंबाचा पाला घालून ठेव आणि पावसाळा संपल्यावर ऊन दाखव, नाहीतर कसर लागेल. आणखी एक, दमट हवेत लोकर वजनावर घेऊ नये. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी ती पिते आणि हाताला ओली लागत नाही.

आता नक्षीचं. पिंगुळीची चित्रकथी बघ, सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांवरचे लाखेचे रंग बघ, पण तुला मी खास पाठवते आहे ती राजापूर तालुक्यात, कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. तिथे जांभ्यावर कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात इतर किती तरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. रेषांवर पाय देऊ नकोस, फोटो उठून दिसावा म्हणून खडू फिरवू नकोस. बाजूला बसून वहीत काढ.

तो विणायचा मोह तुला होईलच. साध्या चौकटीच्या कागदावर काढून एक चौकट म्हणजे एक टाका असं धरलंस तर हत्ती चपटा होईल. टाका चौकोनी नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. माझ्या हाताला आठ नंबरवर १० सेंटिमीटरात २२ टाके आणि ३० सुया बसतात. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या हत्तीला ४४ टाके. उंची त्या मानानं साडेचौदा सेंटिमीटर यायला हवी, म्हणजे ४३ सुया. चौकटी मोजून गेलीस तर ३२ च घेशील आणि तो पावणेअकरा सेंटिमीटरांत दबून जाईल. माझा पहिला हत्ती तसाच झाला होता, मी उसवला. तुझा हात माझ्याहून घट्ट आहे, तेव्हा माझे आकडे घेऊ नकोस, तुझ्या नमुन्यावरून काढ.

रंग टिपायला फोटोवर विसंबू नकोस. पुठ्ठ्याच्या पट्टीवर धागे गुंडाळून त्या वस्तूशेजारीच धर. जांभा कोरडा असताना विटेसारखा दिसतो आणि पाणी पडलं की काळपट लाल होतो, दोन्हीसाठी वेगळे धागे लागतात. माझ्या पट्टीवर कोरड्या जांभ्याचा धागा अजून मनासारखा बसलेला नाही. तुला सापडला तर हातभर माझ्यासाठी काप.

मिरकरवाड्याला गेलीस तर पांढरा बारीक नायलॉन पाव किलो आण. पैसे आल्यावर देते. आणि येताना वही माझ्याकडे घेऊन ये, नमुने पाण्यातून काढलेले असू देत.

तुझी,
विणकामाची मावशी