रिक्षातली डुलकी आणि रात्रीचं जागरण

अगं, सात महिन्यांची लेक पाळणाघरात जेमतेम अर्धा-अर्धा तास झोपते, घरी येताना रिक्षात डोळा लागतो आणि मग रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागी, असं लिहिलंयस. माझ्या मुलाचं त्या वयात अगदी हेच चालायचं. ऑफिस ऐरोलीला, पाळणाघर नौपाड्यात, घर मानपाड्याला. त्याला घेऊन रिक्षात बसले की माजिवड्याचा सिग्नल येईस्तोवर मान टाकायचा आणि रिक्षा गेटपाशी थांबली की जागा.

सगळा घोळ त्या दहा-पंधरा मिनिटांचा आहे. जेवणाआधी बिस्किट खाल्लं की भूक मरते ना, तसं होतं. पोट भरत नाही आणि ताटावरही बसवत नाही.

पाळणाघरातल्या ताईंना मी एक छोटी वही दिली. बाकी काही नको, शेवटचा किती वाजता उठला तेवढं लिहा म्हटलं. या वयाचं बाळ साधारण अडीच-तीन तास जागं राहतं. वहीत ‘४.१०’ दिसलं की रिक्षात त्याला झोपू द्यायचे नाही. बाहेरच्या बस दाखवायच्या, गाणी म्हणायची, हातात खुळखुळा द्यायचा. घरी आलं की अंग पुसून, खिमट भरवून, दूध पाजून साडेसातला थेट रात्रीची झोप. पण ‘२.३०’ लिहिलेलं असेल तर तो तोवर पार थकलेला असायचा. मग झोपू द्यायचे, पण नाक मोकळं आहे ना, हनुवटी छातीला टेकली नाही ना, हे बघत राहायचे. घरी अलगद गादीवर ठेवून एकूण पाऊण तास होऊ द्यायचा आणि रात्री नऊला झोपवायचे.

साडेसातला झोपवताना पोटात तुटतं, मला माहितीये. दिवसभर लेकरू डोळ्यांसमोर नसतं, त्यात आल्या आल्या झोपवायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बाबा येईपर्यंत तरी जागं ठेव. पण बाबा येईपर्यंत तो रडून रडून लाल झालेला असायचा, त्या भेटीत कुणालाच सुख नव्हतं. आम्ही आमची वेळ सकाळी नेली. तो साडेपाचला उठायचा, मग तासभर तिघंही गादीवर लोळायचो. डबा आदल्या रात्रीच अर्धा तयार असायचा.

अजून एक. घरी झोळीत झोपवत असशील तर तेही कारण असू शकतं. पाळणाघरात एवढ्या बाळांना झोळ्या कुठून बांधणार? हलतं ते थांबलं की जाग येते. शिवाय सात महिन्यांचं बाळ झोळीत उठून बसायला बघतं आणि पडतं. शनिवार-रविवारी दुपारी सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर निजवायला लाग. उशी नको, गोधडी नको. पहिले दोन-तीन दिवस फार रडला, मी शेजारी पडून थोपटत राहिले. चौथ्या दिवशी सव्वा तास झोपला.

पाळणाघरात घरच्यासारखी झोप व्हायलाच हवी, हा हट्ट मात्र सोड. तिथे आवाज असतो, दुसरं बाळ रडतं. या वयाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, तेव्हा बेरीज चोवीस तासांची कर. झोपेत घोरत असेल किंवा श्वास अडखळत असेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखव.

आठवडाभराच्या वेळा वहीत लिहून घे आणि मला कळव. विशेषतः शेवटची उठायची वेळ, त्यावरून पुढचं बघू.