सासरेबुवा पुढच्या सीटवर

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे सासऱ्यांबरोबरच्या प्रवासाची एक तक्रार हमखास येते. कधी जावयाकडून, कधी सुनेकडून. "मॅडम, प्रश्न तसा किरकोळ आहे, पण…" अशी सुरुवात होते. पूर्वी सासरची माणसं लग्नकार्यात, गणपतीत भेटायची, जेवून-खाऊन आपापल्या घरी जायची. आता दारात गाडी आहे, रस्ते बरे झालेत, रजा जोडून घेता येते. मग 'या वेळी बाबांनाही घेऊन जाऊ' असं ठरतं आणि ज्या दोघांनी लग्नापासून आजवर सलग दहा मिनिटं एकमेकांशी गप्पा मारलेल्या नाहीत, ते दिवसाचे दहा तास शेजारी शेजारी बसतात. हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटलेला नाही.

समीर आणि गौरीची गोष्ट त्यासाठीच सांगते. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. सांगायला तिघांचीही परवानगी आहे.

मुलुंडचं जोडपं, एक मुलगा, दोघांच्या नोकऱ्या. गौरीची आई काही वर्षांपूर्वी गेली. वडील ठाकुर्लीला एकटे राहतात. मुंबईच्या लोकलवर मोटरमन होते, निवृत्त होऊन आठेक वर्षं झाली. त्यांची एकच इच्छा होती: कन्याकुमारीला जायचं, तेही गाडीने, रस्त्याने. रेल्वेचा पास हातात असताना! "जन्मभर रूळ पाहिले, आता रस्ता बघू दे," असं ते गौरीला म्हणाले होते. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, तिथून सेलम, मदुराई, कन्याकुमारी. एका बाजूने साधारण साडेसोळाशे किलोमीटर. त्याआधी सराव म्हणून तिघं कोल्हापूरला जाऊन आले आणि त्या दोन दिवसांनीच समीर माझ्यापर्यंत पोचला.

"ते मला काही बोलतच नाहीत," समीर म्हणाला.

"मग अडचण काय आहे?"

"गौरीला बोलतात. मी शेजारी बसलेला असतो आणि मागे वळून तिला सांगतात, 'गौरी, जावईबापूंना म्हणावं, जरा सावकाश.' हाताने दरवाजावरचं हँडल घट्ट धरलेलं. उजवा पाय सारखा खाली दाबतात, जणू ब्रेक त्यांच्याकडेच आहे. आणि मिनिटामिनिटाला चहा! खालापूरला झाला, पुणं सोडलं की परत. बरं, चहा सांगतात आणि अर्धा कप तसाच ठेवून उठतात. मला वाटतं, गाडी कुठे थांबायची ते आपण ठरवायचं, एवढाच हट्ट आहे."

अर्धा कप. मी ते वहीत लिहून ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ लागला होता असं नाही. पण माणूस सवयीचा चहा अर्धवट टाकत नाही, एवढं आपल्याला ठाऊक असतं.

मग त्याने शिरवळचा प्रसंग सांगितला. सासरे म्हणाले, चहा घेऊ या का? समीर म्हणाला, आता सरळ साताऱ्यालाच. पुढे खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला, गाड्यांची रांग. पाऊण तास तिथेच गेला. सासऱ्यांनी एक शब्द काढला नाही. साताऱ्याजवळ हॉटेल आलं, तर गाडी नीट थांबायच्या आत दरवाजा उघडून, तो धाडकन लोटून ते आत निघून गेले. "एवढा राग? एका चहासाठी? त्यानंतर कोल्हापूरपर्यंत मी पण बोललो नाही."

गौरी दोघांच्या मधे पिचलेली. बाबांचं वाक्य सौम्य करून नवऱ्याला सांगायचं, नवऱ्याचं उत्तर गोड करून बाबांना. मी कुटुंबाकडे बघते ती याच नजरेने: कोण वाईट आहे हे शोधण्यापेक्षा निरोप कुठून कुठे जातात ते आधी पाहायचं. दोन माणसांतला ताण वाढला की ती तिसऱ्याला मधे ओढतात, हे मरी बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने फार नेमकं मांडलं आहे. आपल्याकडे तर हा तिसरा माणूस लग्नातच ठरलेला असतो. गौरीला मी तेव्हाच सांगितलं, "निरोप पोचवणं आजपासून बंद. बाबांनी सांगितलं तर म्हणायचं, 'बाबा, समीर तुमच्या शेजारीच बसलाय.' एवढंच. चिडायचं नाही, समजवायचंही नाही."

"आणि ते गप्पच बसले तर?"

"तर गाडीत थोडा वेळ शांतता असेल. तिने कोणी मरत नाही."

पुढच्या वेळी मी सासऱ्यांनाही बोलावलं. समुपदेशन वगैरे शब्द वापरला असता तर ते आलेच नसते. "प्रवासाचं नीट ठरवायला या" असा निरोप पाठवला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी तो हातभर लांब सरकवून ठेवला. तासभर सगळं गोडीगुलाबीत चाललं. "समीरराव फार उत्तम चालवतात हो," असं ते दोनदा म्हणाले. समीर माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

तेवढ्यात वॉचमनने वर फोन केला, गाडी हलवा. समीर खाली गेला, गौरीही बरोबर गेली. दार लागलं तसे सासरे खुर्चीच्या कडेला आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, इथे बाथरूम कुठे आहे?"

ते परत आले तेव्हा चेहराच वेगळा होता. मी म्हटलं, "केव्हापासून थांबला होता?"

"आल्यापासून."

"मग विचारायचं ना."

"जावई बसले होते की."

इथे मला अर्धा कप आठवला, शिरवळ आठवलं, धाडकन लोटलेला दरवाजा आठवला. आमच्या कामात असा क्षण रोज येत नाही. आला की पहिला मोह होतो तो हुशारी दाखवायचा, आणि तो आवरायला मी शिकले आहे. मी फक्त विचारलं, "ड्युटीवर काय करायचात?"

ते बोलायला लागले. लोकलच्या मोटरमनच्या केबिनमध्ये संडास नसतो. सीएसएमटीहून कसारा म्हणजे दीड तासापेक्षा बराच जास्त वेळ, गाडी लेट झाली की किती ते सांगता येत नाही. "सकाळची ड्युटी असली की पाणी प्यायचंच नाही. एक घोट घ्यायचा, तोंड ओलं करायचं." लोकल चालवायच्या हँडलवरचा हात काढायचा नाही, कारण ते दाबून धरलेलं नसलं की गाडी आपोआप ब्रेक लावते. समीरला जो हात त्याच्यावरचा अविश्वास वाटत होता, त्या हाताला मोकळं राहायची सवयच नव्हती. आता वय अडुसष्ट, प्रोस्टेट वाढलेली, शिवाय रक्तदाबासाठी सकाळची लघवी होण्याची गोळी. कोल्हापूरला निघाले त्या दिवशी ती गोळी घेतली होती. येताना घेतलीच नाही.

"गौरीला सांगायचं."

"मुलीला काय सांगू असलं? आणि जावयाला…" ते थांबले. "अहो, 2023 च्या धोंड्याच्या महिन्यात बायकोच्या मागे मी एकट्याने त्यांचा मान केला. शेजारणीकडून तेहतीस अनारसे करून घेतले. त्यांना मी म्हणू, गाडी बाजूला घ्या, मला जायचंय?"

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपण हसत हसत म्हणतो. पण त्या ग्रहाच्या शेजारी दहा तास बसायची वेळ आली तर काय, याचा विचार आपल्या मानपानात कुठे नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांत मला हेच दिसलं आहे: जिथे द्वेष आहे असं दोघांना वाटतं, तिथे पुष्कळदा नुसता अवघडलेला आदर असतो. आणि अवघडलेला माणूस तुसडा दिसतो. समीरही त्यांना कधी 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारू शकला नव्हता, कारण सासऱ्यांना असं विचारणं त्याला आगाऊपणा वाटायचा.

आता इथे बरेच लोक म्हणतील, मग दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मोकळं बोलायला लावायचं. मला ते पटत नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाची लाज हा आजार नाही की तो मी बरा करावा. ज्याला मागता येत नाही त्याला मागायला शिकवण्यापेक्षा मागायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था करणं मला जास्त सभ्य वाटतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला एक वेळापत्रक करून द्या. मुलुंड ते कन्याकुमारी. थांबे तुम्ही ठरवायचे. मात्र दोन थांब्यांमध्ये दीड तासापेक्षा जास्त अंतर नको."

"म्हणजे स्लो लोकल," ते म्हणाले. पहिल्यांदा हसले.

पुढच्या भेटीत त्यांनी चौकटीच्या कागदावर पट्टीने रेघा मारून आणलेला तक्ता टेबलावर पसरला. खालापूर, पुण्याच्या पुढे, शिरवळ, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. शिरवळखाली लाल शाईची रेघ होती. समीर तक्ता वाचत होता. मी गप्प बसले, गौरीलाही नजरेने गप्प बसवलं. तो शिरवळवर आला, तिथे थबकला. मग सासऱ्यांकडे न बघता म्हणाला, "बाबा, घाटात त्या दिवशी… पाऊण तास."

"हं," सासरे म्हणाले.

"मला वाटलं चहा."

"हं."

"खंबाटकीच्या आधी थांबूच. आणि मलाही लागतंच हो थांबायला, मीच दामटत असतो."

मुद्द्याचा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला नाही. मी सुचवलाही नाही. या कामातली माझी आवडती दहा मिनिटं कोणती असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन.

बाकीचं ठरवणं मग भराभर झालं, आणि ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. दिवसाला चारशे किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाला. ज्येष्ठांनी प्रवासात पाणी तोडू नये. त्याने चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग मागे लागू शकतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने फार वेळ लघवी धरून ठेवली तर ती अडूही शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही असं होतं, तेव्हा वाटेतल्या दुकानातून गोळी परस्पर घेऊ नये. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवसांत बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. मनाने बंद करायची नाही. गौरीच्या बाबांनी विचारलं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. हे सगळं सासूबाईंनाही लागू आहे. त्या तर बायका म्हणून जन्मभर हेच करत आल्या आहेत आणि त्यांच्या वाट्याला वेळापत्रकसुद्धा येत नाही.

पैशांचं आधी ठरवा. मुलीच्या घरचं फुकट खायचं नाही अशी पक्की समजूत असलेली पिढी अजून आहे. टोल फास्टॅगमधून कापला जातो, पेट्रोल जावई भरतो, हॉटेल मोबाइलवरून बुक होतं, मग म्हाताऱ्या माणसाने खिशात हात घालायचा कुठे? गौरीच्या बाबांकडे आम्ही दोन्ही वेळचं जेवण दिलं. ते हिशेबाची छोटी वही घेऊन निघाले. खोली त्यांना वेगळी, तळमजल्याची, कमोड असलेली. नातवाला त्यांच्या खोलीत झोपवायचं की नाही, हे त्यांना विचारून; गृहीत धरून नाही. आणि पुढची सीट त्यांचीच. चालवणाऱ्याला शेजारच्याचा पाय दिसतो म्हणून त्यांना मागे बसवलं तर तो अपमान कन्याकुमारीपर्यंत टिकतो.

गौरीची परीक्षा अवघड होती. ती मला म्हणाली, "मी मधे पडले नाही तर यांचं कसं होईल?" लोकलमध्ये मोटरमन एका टोकाला, गार्ड दुसऱ्या टोकाला, एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी तिला म्हटलं, तुझ्या घरात ती घंटा तू झाली आहेस, आणि ती दोघं तर एकाच केबिनमध्ये बसली आहेत.

हुबळीच्या पुढून समीरचा फोन आला. जरा वैतागलेलाच. "मॅडम, ते आता डायरेक्ट मलाच बोलतात. 'समीरराव, डावीकडून घुसू नका. समीरराव, फोन ठेवा, दोन्ही हात स्टिअरिंगवर.' पोराच्या देखत!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? डावीकडून घुसलो होतोच."

हे सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. सासरे दारू पिऊन बोलत असतील, सुनेचा किंवा जावयाचा पाणउतारा करण्यात त्यांना गोडी असेल, लेकीवर हात उगारल्याचा इतिहास असेल, तर तिथे मागे अवघडलेपणा नाही आणि वेळापत्रक करून काही साधणार नाही. अशा माणसासोबत बंद गाडीत आठ दिवस काढायला मी कोणालाही सांगत नाही. त्यांना तिरुवनंतपुरमचं विमानाचं तिकीट काढून द्या. तिथून कन्याकुमारी टॅक्सीने दोन-अडीच तासांवर आहे. तुम्ही तुमच्या गाडीने, तुमच्या वेळेने या. आणि तेही जमणार नसेल तर 'या वर्षी रजा नाही' हे उत्तर पुरेसं आहे. त्याला पुरावा जोडायची गरज नसते.