स्वतंत्र मराठी सिनेमाच्या क्राउडफंडिंग व्हिडिओत विनोद वापरावा का?

वापरा. पण किडनी विकायचा विनोद करू नका.

तुम्ही लिहिलंय की सिनेमासाठी क्राउडफंडिंगनं, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणीतून १५ लाख उभे करायचेत, टीममध्ये एक स्टँडअप करणारा मित्र आहे आणि तो म्हणतोय, "दोन मिनिटं लोकांना नुसतं हसवू, पैसे आपोआप येतील." हे वाचलं आणि राहवलं नाही. २०१८ मध्ये हेच वाक्य मी बोललो होतो, जवळजवळ शब्दशः.

आमचा सिनेमा ब्रास बँडवर होता. कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वरातीत डीजे शिरल्यापासून सुपाऱ्या आटलेला बँड आणि त्यातले ६३ वर्षांचे क्लॅरिनेटवाले मास्तर. हवे होते ६ लाख, मुदत ४५ दिवस. पोर्टल असं निवडलं होतं की ठरलेला आकडा गाठला नाही तर एक रुपया हातात येत नाही, सगळे पैसे ज्याचे त्याला परत. कॅमेऱ्यावर माझा आतेभाऊ.

व्हिडिओ केला ४ मिनिटं २० सेकंदांचा. त्यातली पहिली ४५ सेकंदं ड्रोन. पंचगंगा, ऊस, उगवता सूर्य, परत ऊस. ड्रोन त्यानं भाड्यानं आणला होता, त्यामुळे भाडं वसूल होईपर्यंत दाखवणं भाग होतं. मग मी येतो, फाटका शर्ट घालून. निर्मात्याच्या ऑफिसात जातो. तो विचारतो, "हिरोईन कोण?" मी म्हणतो, "युफोनियम." (हे बँडमधलं एक पितळी वाद्य.) तो विचारतो, "साउथची आहे का?" शेवटी मी एका हॉस्पिटलच्या दारात पाटी घेऊन उभा: 'एक किडनी विकणे आहे, कमी वापरलेली.' लिहिताना आम्ही हसून हसून लोळलो होतो.

व्हिडिओ गावभर फिरला. शाळेतल्या सरांचा फोन आला. चहाच्या टपरीवर पोरं मला "काय युफोनियम!" म्हणून हाक मारायला लागली. आणि १२ दिवसांत जमले ४१,००० रुपये, ३३ जणांचे. त्यातले २६ नातेवाईक, नाहीतर माझं देणं लागणारे मित्र.

तेराव्या दिवशी व्हिडिओखाली एका बाईंनी लिहिलं, "माझ्या भावाचं डायलिसिस चालू आहे. त्याच्यासाठीचं आवाहन याच पानावर, तुमच्या खाली आहे."

बस. शिवी नाही, उपदेश नाही. मी पान खाली सरकवलं, तर खरंच होतं. तिथं सगळी तशीच आवाहनं होती, काचेच्या पेटीतली बाळं, बिलांचे फोटो, आणि मधोमध मी पाटी घेऊन. आपल्याकडे क्राउडफंडिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी दवाखान्याचं बिल येतं. आपण मात्र किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून स्क्रिप्ट लिहितो. २०१३ मध्ये 'व्हेरोनिका मार्स' या मालिकेवाल्यांनी तिच्यावरच्या सिनेमासाठी त्यातल्याच नटांना घेऊन एक गमतीदार व्हिडिओ केला आणि २० लाख डॉलरचं लक्ष्य पहिल्याच दिवशी गाठलं, हे मी आतेभावाला दहादा ऐकवलं होतं. पण ती २००७ मध्ये बंद पडलेली गाजलेली मालिका होती. सहा वर्षं ताटकळलेले चाहते होते तिला. तुमच्या मित्राला कोण ओळखतं? मला तर माझ्या गल्लीच्या पलीकडे कुणी ओळखत नव्हतं.

त्या रात्री आतेभाऊ म्हणाला, "तुझ्या जोकांनी घात केला. मागायला गेलेला माणूस कधी हसवतो का?"

मी म्हटलं, "बहुरूपी."

आमच्या लहानपणी खाकी घालून दारात यायचा, खोटं वॉरंट काढायचा, "लग्नाला चला" म्हणत काहीच्या बाही ऐकवायचा. आजी पदरात तोंड लपवून हसायची आणि सुपातून जोंधळे आणून घालायची. तेव्हा विनोदाचं आणि मागण्याचं वाकडं आहे हे मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. पण बोलता बोलता माझंच मला उमगलं. बहुरूप्याचं सोंग हाच त्याचा माल. दारात बघितलं तेच तुम्ही विकत घेता. माझ्या किडनीत आमच्या सिनेमाचं काय होतं? ना बँड, ना मास्तर. तो व्हिडिओ बघून एवढंच कळत होतं की हा माणूस बरा स्किट करतो.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये काय केलं ते माहीत असेलच. भांडवलासाठी भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले आणि रोप झरझर वाढताना पडद्यावर दाखवलं. बघणाऱ्याला कळलं की याला हे जमतं. कर्ज मिळालं. त्यात एकही जोक नव्हता, असं आतेभाऊ इथे म्हणेल. ड्रोनही नव्हता, असं मी म्हणेन.

मग मी जुना व्हिडिओ उतरवला आणि दुसरा केला. मोबाइलवर, ५५ सेकंदांचा. मास्तर घराच्या ओट्यावर क्लॅरिनेट घेऊन बसलेले. मी मागून म्हणतो, "मास्तर, पिक्चरला सहा लाख लागणार आहेत असं सांगा." मास्तर वाद्य खाली घेतात. "सहा लाख? आरं, सहा लाखात नवा बँड हुबा ऱ्हातोय, ड्रेससकट. पिच्चर कशाला काढतोयस?" मला उत्तर सुचत नाही. ते टोपी सारखी करतात आणि वाजवायला लागतात. संपलं.

आतेभाऊ म्हणाला, हे काप. लोकांच्या हातात आयता मुद्दा देतोयस. दोन तास भांडलो. माझं म्हणणं असं की तो मुद्दा बघणाऱ्याच्या मनात असतोच, मग तो मास्तरांच्याच तोंडून येऊ दे. शिवाय तिथं हसू येतं ते सिनेमातलंच. आमचा अख्खा सिनेमा त्याच चवीचा होता. कापलं नाही.

४४ व्या दिवशी ६,०८,००० झाले. निम्म्याहून जास्त पैसे शंभर-दोनशेंच्या रकमांत, सांगली, बेळगाव, सोलापूरकडच्या बँडवाल्यांचे. आणि आमच्या गावच्या डीजेवाल्यानं ११,००० दिले. अट एकच, श्रेयनामावलीत त्याचं नाव मास्तरांच्या वर नको, पण अक्षर मोठं पाहिजे.

आता आतेभावाचं म्हणणं, दुसरा व्हिडिओ चालला तो आखूड होता म्हणून, विनोदाचा काही संबंध नाही. घरात कुठलंही कार्य असो, पंगतीत हा विषय निघतोच. तुम्हीच सांगा, ५५ सेकंदांत दुसरं होतं काय?

हां, एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. बँडवाल्यांनी पैसे दिले ते त्यांची गोष्ट होती म्हणूनही. १९७६ च्या 'मंथन' सिनेमासाठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढले, त्यांना कुणी हसवायला गेलं नव्हतं. तुमचा सिनेमा कशावर आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. शेतकरी आत्महत्येवर असेल तर वरचं सगळं विसरा आणि त्या स्टँडअपवाल्याला महिनाभर गावाला पाठवा.

पैसे देणाऱ्यांना बदल्यात जी बक्षिसं जाहीर करता, त्यांत विनोद करू नका. आम्ही '१५,००० द्या, आख्खा बँड तुमच्या दारात दोन गाणी वाजवेल' असं गमतीत टाकलं, तर तिघांनी घेतलं. त्यातला एक नाशिकचा. अकरा माणसं, वाद्यं, टेम्पो, जेवण मिळून १९,००० गेले. पोर्टल कमिशन कापतं, त्यावर जीएसटी लागतो, तेव्हा मागतानाच आकडा वाढवून मागा. आणि नफ्यात वाटा देऊ असं कॅमेऱ्यासमोर थट्टेतसुद्धा बोलू नका. लोकांकडून गुंतवणूक म्हणून ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्यांबद्दल सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१६ मध्येच इशारा दिलाय.

बाकी, आतेभाऊ इथं वाचतो हे मला माहीत आहे. तुझी ती उसाची ४५ सेकंदं अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. ८ जीबी अडवून बसलीत. येऊन घेऊन जा.