वॉरन हेस्टिंग्जने फ्रान्सिसबरोबरच्या द्वंद्वाबद्दल बायकोला काय कळवलं होतं?

अगदी थोडं. हेस्टिंग्ज हा ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर जनरल, आणि फिलिप फ्रान्सिस त्याच्या कौन्सिलचा, म्हणजे कारभारी मंडळाचा, सभासद. १७ ऑगस्ट १७८० ला सकाळी कलकत्त्याजवळ अलीपूरला गोळ्या झाडल्या गेल्या. बायको मारियन तेव्हा हुगळीकाठच्या चिनसुऱ्याला होती. त्याच दिवशीच्या चिठ्ठीचा आशय असा: आज सकाळी फ्रान्सिसशी गाठ पडली, त्याच्या कुशीत जखम झाली आहे, पण जिवावरची नसावी; मी सुखरूप आहे. मात्र त्याला धोका असेपर्यंत मला कलकत्ता सोडता येणार नाही.

खरा मसाला हेस्टिंग्जचा साक्षीदार कर्नल पिअर्स याच्या लिखाणात आहे. दोघांनाही पिस्तुलाचा सराव नव्हता. फ्रान्सिसने तर तोवर पिस्तूल झाडलंच नव्हतं, आणि त्यात त्याची दारू दमट निघाली! पिअर्सनेच त्याला दुसरी दिली. गव्हर्नर जनरल आणि त्याच्याच कौन्सिलचा सभासद, विचार करा.

भांडणाचं मूळ आपल्याकडचं आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मराठ्यांशी युद्ध चालू होतं. त्यात आडकाठी करणार नाही असा शब्द फ्रान्सिसने दिला होता, असं हेस्टिंग्जचं म्हणणं. महादजी शिंद्यांविरुद्ध माळव्यात फौज पाठवायची वेळ आली तेव्हा फ्रान्सिस आडवा आला. 'शब्द फक्त आधीच्या मोहिमेपुरता होता,' हा त्याचा बचाव. मग हेस्टिंग्जने सरकारी टिपणात त्याला खोटारडा आणि बेअब्रू ठरवलं. हे मुद्दाम डिवचणंच होतं, असं मला वाटतं. फ्रान्सिस बरा झाला आणि त्याच वर्षअखेरीस विलायतेला निघाला. पुढे हेस्टिंग्जवरच्या महाभियोगामागे तोच होता.